पंधरा मिनिटांचा अंधार

ओडवारला माझ्या स्वयंपाकघरात कुठली खुर्ची द्यायची, हा विचार मी कधीच सोडून दिला. कुठलीही द्या, तो ती खिडकीकडे ओढणार, आणि बसणार म्हणजे काय, नुसता टेकणार. कॉफीचा एक घोट, उठला, पडदा सरकवला, वर बघितलं, बसला. वॅफलचा एक तुकडा तोंडात, परत उठला. एकदा एक कप संपेस्तोवर नऊ वेळा उठला. मी म्हटलं, "अरे, आभाळ काय पळून जातंय का कुठे?"

"तेच तर करतं ते, हालदिस," तो म्हणाला आणि दहाव्यांदा उठला.

हा माझा शेजारी. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा. नोकरी रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर. हिवाळाभर पहाटे उठून आमच्या स्टेनवोग गावापासून पुलापर्यंतचा रस्ता साफ करायचा, एवढं एक काम. पण तेही सरळ करेल तर शपथ. मधेच गाडी थांबवायची, दिवे मालवायचे, दार सताड उघडं टाकायचं आणि रस्त्याच्या मधोमध मान वर करून उभं राहायचं. मागे दुधाची गाडी, शाळेची बस, सगळी वरात खोळंबलेली. कोणी हॉर्न वाजवला तर न बघताच हात करणार, थांबा म्हणून. त्याची बायको सोल्वी शहाणी बाई. बारा वर्षं काढली आणि गेली बुडो शहरात राहायला. जाताना मला म्हणाली, "माणूस वाईट नाही गं. पण बारा वर्षं जेवणाच्या टेबलावर मी नुसती त्याची हनुवटी बघत आलेय."

रात्री आभाळात नाचणाऱ्या ध्रुवप्रकाशाचं आम्हाला कसलं कौतुक? इथे कोणी त्याचं पुरतं नावसुद्धा घेत नाही. "आलाय," एवढंच म्हणतात आणि कुत्र्याला फिरवून घरात येतात. हॉटेलात उतरलेली परदेशी माणसं रडतात म्हणे त्याला बघून. ओडवार रडत नाही, पण त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. कॅमेऱ्याची बॅटरी बनियनच्या आत, काखेत, कारण थंडीत ती पटकन मान टाकते. भिंगाचं फोकसचं कडं चिकटपट्टीने जाम केलेलं, कारण हातमोजा जरा लागला की ताऱ्यांचं पीठ होतं. भिंगासमोर श्वास सोडायचा नाही, लगेच बर्फ धरतो. परत आल्यावर कॅमेरा एकदम उबेत न्यायचा नाही, पिशवीत बांधून बाहेरच्या पडवीत ठेवायचा, नाहीतर आतून घाम सुटतो त्याला. इतके लाड त्याने सोल्वीचे केले असते तर ती आजही इथे असती. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

त्याच्याकडे हजारो फोटो होते. हवा होता तो एकच नव्हता. खाडीपलीकडच्या टेकडीवरून सगळं गाव घ्यायचं, एक्केचाळीस घरं, पुढे पाणी, वर आभाळ, आणि गावात एकही दिवा नाही. गाव दिसेल ते फक्त वरच्या उजेडात. "आपल्या पणज्यांना दिसायचं तसं," म्हणायचा. आमच्या पणज्यांना थंडीने आणि भुकेने मान वर करायला सवड नव्हती, पण ते असो.

अडचण अशी की आमच्या गावाला दिवा मालवणं माहीतच नाही. हिवाळ्यात खिडकीत दिवा, दारावर दिवा, गोठ्यावर दिवा, दुपारी दोन वाजतासुद्धा. ओडवार त्यांना डाग म्हणायचा. फोटो दाखवायचा आणि बोट ठेवायचा, हा डाग, हा डाग, आणि हा सगळ्यात मोठा डाग तुझा.

माझा दिवा म्हणजे माडीवरच्या खिडकीतला. खाडीच्या तोंडाशी एक खडक आहे, भरतीला पाण्याखाली जातो, त्याला म्हातारी म्हणतात. गावात म्हाताऱ्या दोन, एक पाण्यात आणि एक माडीवर, हा विनोद मी चाळिशीची होते तेव्हापासून ऐकत आलेय. तर बाहेरून येताना माझा दिवा मासळीच्या धक्क्यावरच्या दिव्याच्या बरोबर डोक्यावर दिसला, की बोट सरळ आत घालायची, म्हातारी बाजूला राहते. सासूने तो दिवा सांभाळला, तिच्यामागून मी. सूर्य मावळला की लावायचा, उजाडलं की मालवायचा. डिसेंबरात तर मालवायचाच नाही. आता बोटीबोटीत यंत्राचे पडदे आलेत, त्यावर सगळा समुद्र रंगीत दिसतो. माझ्या दिव्याकडे कोण बघतंय? एक आयलर्ट सोडला तर कोणी नाही.

आयलर्ट एकोणऐंशीचा. माझ्या नवऱ्याबरोबर, पेडरबरोबर, त्याने तीस वर्षं एका बोटीवर काढली. सोळा वर्षांपूर्वी पेडर गेला, तेव्हापासून आयलर्ट त्याच बोटीवर एकटाच जातो. त्याच्याही बोटीत पुतण्याने पडदा बसवून दिलाय, त्यावर तो आपली टोपी अडकवतो. दर शनिवारी माझ्या दाराच्या कडीला दोन कॉड मासे लटकवणार आणि टकटकसुद्धा न करता चालायला लागणार. गाठ पडलीच तर आमचं बोलणं ठरलेलं.

"काय गं बाई, आहेस अजून?"

"आहे. तुझे मासे खाऊनसुद्धा आहे, म्हाताऱ्या."

झालं. एवढ्यावर आमचा आठवडा निघायचा.

ओडवारने अकरा वर्षं माझ्या मागे भुणभुण लावली. पंधरा मिनिटं मालव, दहा मिनिटं मालव, पाच. मी म्हणायची, सासूने मला दिवा लावायला सांगितलाय, मालवायला नाही. तो हिरमुसून जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. मला वाटायचं हे असंच चालणार, मी मरेपर्यंत. मग मेल्यावर काय मालवायचा तो मालव म्हणावं.

पण त्या वर्षी सॅमन माशांच्या कंपनीने समोरच्या किनाऱ्यावर मोठा कारखाना उभा केला. नऊ उंच खांब, प्रत्येकावर सहा दिवे, एक फेब्रुवारीपासून रात्रंदिवस सुरू. गावाला पत्र आलं. लोक खूश झाले, पोरांना नोकऱ्या मिळणार. ओडवारने पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. "म्हणजे जानेवारी," तो म्हणाला. "एक जानेवारी उरला, हालदिस. त्यानंतर इथे अंधार व्हायचाच नाही."

आणि जानेवारी कसला आला? ढग. एक तारखेपासून ढग, वारा, बर्फ, पुन्हा ढग. एकदा पाऊससुद्धा. ओडवारची अवस्था बघवेना. जेवताना उभा, बोलताना दाराकडे तोंड. फोनवर कसलासा आलेख बघायचा, जमिनीतलं चुंबक किती थरथरतंय त्याचा. तो वर गेला की म्हणायचा, "आत्ता आहे, आत्ता वर आहे, ह्या ढगांच्या पाठीमागे चाललाय नुसता गोंधळ," आणि माझ्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायचा. मला स्वतःला काही नको होतं त्या आभाळाकडून, पण त्याच्यामुळे माझाही जीव थाऱ्यावर राहीना. भांडी घासता घासता मी बाहेर डोकवायला लागले. एका दुपारी माझ्या लक्षात आलं, मी पडदा धरून उभी आहे आणि दूध उतू चाललंय. म्हटलं, जळलं मेलं ते दूध आणि जळला तो ओडवार.

सत्तावीस तारखेला दुपारी बाराला आभाळ फाटलं. अर्ध्या तासात असं निळं झालं की डोळ्यांना खुपावं. वारा पडला. समुद्र तेल ओतल्यासारखा गप्प. उद्यापासून परत ढग, रेडिओ सांगत होता. दोनच्या सुमारास ओडवार आला, आणि पहिल्यांदाच खिडकीशी गेला नाही. दारात उभा राहिला.

"आज," तो म्हणाला.

"मग जा की."

"बाकी सगळी घरं तयार आहेत, आयलर्टचं तर तो जेवून झोपला की अंधारातच असतं. धक्क्यावरचा दिवाही मालवतील. रस्त्यावरच्या दिव्यांची परवानगी नगरपालिकेने दिलीय, सव्वासहा ते साडेसहा. तू एकटी उरलीस."

"मी अकरा वर्षं एकटीच उरलेय."

त्याने टोपी काढली. डोक्यावर चार केस, तेही घामेजलेले. "हालदिस, मी आयुष्यात धड एक गोष्ट पुरी केलेली नाही. सोल्वी गेली ती बरोबर गेली. रस्ता साफ करतो तर तासाभरात परत पडतं. हा एक फोटो आहे. आज नाही झाला तर कधीच नाही. तुझ्या पाया पडत नाही, पण मागतो तुझ्याकडे."

माणूस असं सरळ बोलला की माझी पंचाईत होते. मी काय म्हणाले, तर आधी आयलर्ट आत आहे का बघ. तो पाण्यावर असेल तर देवाने येऊन सांगितलं तरी मालवणार नाही.

पंधरा मिनिटांत परत आला, धापा टाकत. "बोट बांधलेली आहे. घरात चुलीवर बटाटे ठेवतोय, मी खिडकीतून बघितलं."

"विचारलंस त्याला?"

"आता जेवेल, मग झोपेल. त्याला कशाला उठवायचं?"

आणि मी मान डोलावली. इथेच आम्ही दोघं चुकलो, पण गावातलं कोणीही इथेच चुकलं असतं. तीनला जेवायचं आणि जेवून पडायचं, हा आमचा दिवस. त्या वेळात कोणी कोणाला फोन करत नाही, दार ठोठावत नाही, ते असभ्यपणाचं. आयलर्टची झोप तर प्रसिद्ध. आम्ही ही झोप धरून चाललो. ध्यानात एक आलं नाही, की ज्या आभाळासाठी ओडवार सव्वीस दिवस तडफडत होता, त्याच्याखालच्या समुद्रासाठी आयलर्टही सव्वीस दिवस तडफडत होता. कॉड आत आले होते आणि त्याने महिनाभर एक गळ टाकलेला नव्हता. तो बटाटे खाऊन झोपला नाही. सगळं गाव आडवं झालेलं असताना तो निघून गेला, कोणी बघितलं नाही, आणि त्याचं घर अंधारात दिसलं तर आम्ही म्हटलं, झोपलाय.

सव्वासहाला मी माडीवर गेले. हात बटणावर ठेवला आणि दोन मिनिटं तशीच उभी. खरं सांगते, मला आवडलं नाही. पण शब्द दिला होता. मालवला.

मग अंगणात आले, फोन टेबलावर तसाच. एकेक घर विझत गेलं, खालून वर. मग रस्ता विझला. मग धक्का. माझ्या जन्मात मी आमचं गाव असं बघितलं नव्हतं. आणि वर तो होता. आधी टेकडीच्या माथ्यावर फिकट पट्टा, मग तो उलगडायला लागला, हिरवा, कडेने जांभळट, एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावत, मधेच थांबत, परत. बर्फ हिरवा झाला. माझे हात हिरवे दिसायला लागले. मी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, शेवटचं असं मान वर करून कधी उभी राहिले होते आठवेना. बहुधा पेडरशी लग्न व्हायच्या आधी. मी एकटीच हसत होते अंगणात, वेड्यासारखी. वाटलं, ओडवार, लेका, तुझं खरं होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पाण्यावरून टक टक टक ऐकू येत होतं, ते मला आधी ऐकूच आलं नाही, आणि आलं तेव्हा मी म्हटलं, पलीकडच्या गावातली कोणाची बोट असेल. मग त्या आवाजाला मधेच ठसका लागला. तो ठसका मी तीस वर्षं ऐकलाय, जेवण गरम करायला ठेवायची ती खूण होती.  आत पळाले, अंधारात जिन्याला गुडघा आपटला, बटण सापडेना. दिवा लागला आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडलं. त्यानंतर एक आवाज आला, लाकडाचा. तो मी लिहिणार नाही.

धक्क्यावरची पोरं तीन मिनिटांत निघाली. म्हातारीच्या पाठीवर आयलर्ट कमरेइतक्या पाण्यात उभा होता, एक हात लोंबकळत. बोट गेली. त्याला ब्लँकेटात गुंडाळून वर आणलं तेव्हा सगळं गाव धक्क्यावर, सगळे दिवे लागलेले. त्याने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघत राहिला. "उभी आहेस होय," म्हणाला. मला वाटलं, थंडीने भ्रमलाय.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, फुप्फुसात पाणी. तीन आठवडे दवाखान्यात, तिथून वृद्धाश्रमात. परत समुद्रावर जायचा प्रश्नच नव्हता. आणि गाव काय म्हणालं? ओडवारला कोणी काही म्हणालं नाही, मलाही नाही. "वय झालं," म्हणाले. "दोन दिवे दिसले नाहीत तर वाट चुकला. समोर पडदा आहे, त्यावर टोपी लटकवून बसला होता, दुसरं काय होणार." पुतण्या तर म्हणाला, एका अर्थी बरं झालं, आता रात्री झोप लागेल. साठ वर्षं ज्या माणसाने ह्या खाडीत कुठे बोट आपटली नाही, त्याला सगळे आंधळा म्हातारा म्हणायला लागले, तेही मायेने. आयलर्ट ऐकायचा आणि भिंतीकडे बघायचा. एका शब्दाने बोलला नाही.

ओडवार दारोदार गेला. "माझ्यामुळे झालं," सांगत. लोक पाठीवर थाप मारायचे, कॉफी द्यायचे. त्याला शिव्या हव्या होत्या, त्या कोणी देईना. मी दिल्या, पण त्या मी आधीपासूनच देत होते, त्याचा उपयोग झाला नाही. कॅमेरा त्याने पडवीतल्या पिशवीतून काढलाच नाही. एक तारखेला कारखान्याचे खांब पेटले, आमच्या रात्रीचा दिवस झाला, तरी तो वर बघेना की खाली. नुसता काम करायचा. बर्फ नसलेला रस्ता खरवडायचा. माझं अंगण दिवसातून तीनदा साफ. एका सकाळी फावड्याखालून गवत निघायला लागलं तेव्हा मी बाहेर जाऊन फावडं काढून घेतलं.

मार्चच्या मध्यावर तो लॅपटॉप घेऊन आला. "काल बघितलं पहिल्यांदा," म्हणाला. "पुसून टाकायचं म्हणून उघडलं होतं."

मी चष्मा लावला. काय सांगू? गाव तसंच होतं जसं मी अंगणातून बघितलं होतं, छपरन् छप्पर, बोटीन् बोट, सगळं वरच्या उजेडात. एकही डाग नाही. ते बघून मला राग आला, इतकं ते सुंदर होतं.

"इथे बघ," ओडवार म्हणाला. पाण्यावर एक बारीक पिवळी रेघ होती, केसाएवढी. "भिंग दोन मिनिटं उघडं होतं. हा त्याच्या बोटीवरचा कंदील. बोट सरकली तशी रेघ उमटली. मी वर बघत होतो, हालदिस. तो माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मी वर बघत होतो."

  मीही वरच बघत होते.

"पण ते नाही," तो म्हणाला. "रेघ बघ. बाहेरून आत येतेय, सरळ. दिवे नसताना सरळ. अर्ध्या वाटेपर्यंत तो बरोबर मधोमध आहे, त्याला तुझा दिवा लागतच नाही. आणि इथे वळला."

"चुकला तिथे."

"मी बर्फात चाकांच्या खुणा बघत जन्म काढलाय. झोप लागलेला माणूस कसा जातो, घाबरलेला कसा, वाट चुकलेला कसा, मला सगळं माहीत आहे. चुकलेला नागमोडी जातो, थांबतो, मागे घेतो. ही वळलीय आणि त्यानंतर पट्टी ठेवून मारल्यासारखी सरळ गेलीय." त्याने कागदाची कड रेघेवर ठेवली आणि पुढे नेली, खडकावरून, पाण्यावरून, किनाऱ्यावर. कागदाचं टोक माझ्या दारात येऊन थांबलं. "हा माणूस चुकला नाही, हालदिस. हा तुझ्याकडे निघाला होता."

त्याच दुपारी आम्ही गेलो. आयलर्ट खिडकीशी बसला होता, पलीकडे नुसतं पार्किंग. ओडवारने त्याच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि कागद धरून दाखवला. आयलर्टने बराच वेळ बघितलं.

"तुझं यंत्र चहाडखोर आहे," तो म्हणाला.

"का वळलास?" मी विचारलं.

"दिवा नव्हता."

"धक्क्यावरचाही नव्हता. कोणाचाच नव्हता. कळायला नको, काहीतरी ठरवून केलंय म्हणून?"

"बाकीच्यांचं मी बघितलंच नाही," तो म्हणाला. "तुझा नव्हता. तो दोनदाच गेलाय, पेडरची आई गेली तेव्हा आणि पेडर गेला तेव्हा. मी काय समजायचं होतं? वाटलं, जिन्यात पडलीस. धक्क्याला वळसा घालून तुझ्याकडे यायचं तर वीस मिनिटं जातात. म्हातारीवर पाणी किती आहे मला माहीत होतं. वाटलं, निघेल बोट वरून. वीतभर कमी पडलं."

मी त्याला मूर्ख म्हटलं. गाढव म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, आणि मग त्याच्या पलंगावर बसून रडले. पेडर गेला तेव्हाही मी लोकांसमोर रडले नव्हते. आयलर्टने मोडक्या हाताने टेबलावरचा कागदी रुमाल माझ्याकडे ढकलला.

"मग बोलला का नाहीस?" ओडवारने विचारलं. "सगळं गाव तुला आंधळा म्हणतंय."

"म्हणू दे. आंधळा म्हणताहेत तेच बरं आहे. बाईसाठी बोट खडकावर घातली म्हटलं तर धक्क्यावर मला जगू देतील का? आणि तिला?" मग तो लॅपटॉपकडे बघून म्हणाला, "गावात दाखवू नकोस हे. इथे ज्याला डोळे आहेत त्याला ही रेघ वाचता येते."

मी ओडवारकडे बघितलं. अकरा वर्षं. "ती रेघ पुसता येत असेल ना?" मी म्हटलं. "तेवढीच पुस आणि लाव की."

"येते," ओडवार म्हणाला. "पण पुसणार नाही. बरं, आयलर्ट. नाही दाखवत."

आणि नाही दाखवला. एका मासिकाने मागितला, कोणीतरी सांगितलं होतं त्यांना, तर म्हणाला, त्या रात्री काही निघालंच नाही. लोक हळहळले, एवढी सगळ्यांनी दिवे मालवून मदत केली आणि ह्याला एक फोटो काढता आला नाही. काहींनी टोमणेही मारले. तो हसायचा. मी दर शनिवारी वृद्धाश्रमात जायला लागले, उकडलेला कॉड आणि त्याचं काळीज घेऊन. "आहेस अजून?" आयलर्ट विचारायचा. आम्ही पत्ते खेळायचो आणि तो लबाडी करायचा. अडीच वर्षं मिळाली आम्हाला अशी. मला ती पुरली नाहीत.

गेल्या ऑगस्टमध्ये तो गेला. दफन झालं, कॉफी झाली, लोक पांगले, तेव्हा ओडवार माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता?" मी म्हटलं, लाव.

त्याने तो मोठा करून आणला, दारापेक्षा रुंद, आणि दुकानात दुधाच्या कपाटाशेजारच्या भिंतीवर लावला. शनिवार सकाळ, सगळं गाव खरेदीला आलेलं. पहिल्यांदा पोस्टातली ब्रिनहिल्ड थांबली, मग आयलर्टचा पुतण्या, मग धक्क्यावरची पोरं, टोपल्या हातात घेऊन. सगळं आभाळ होतं त्यात, हिरवं, जांभळं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. पुतण्याने बोट उचललं, खाडीच्या तोंडापासून ते रेघेवरून नेलं, वळणापाशी थांबला, आणि मग अगदी हळू, खडकावरून पुढे, माझ्या दारापर्यंत.  तो माझ्याकडे वळला, चेहरा पांढराफटक.

"हालदिस," तो म्हणाला, "काका कुठे निघाला होता?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.